रात्री धुतलं, सकाळी वाळलं

कमी सामानात प्रवास कसा करावा यावर जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यातला मोठा भाग घडीवर खर्च होतो. कपडे गुंडाळावेत की सपाट घडी घालावी, एकाभोवती एक लपेटावेत की चेनच्या छोट्या पिशव्यांत भरावेत, की सरळ हवा काढून टाकणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत दाबावेत. हे सगळे प्रकार करून पाहण्यासारखे आहेत आणि प्रत्येकाची आपापली जागा आहे. पण घडीने वाचते ती जागा, आणि तीही थोडीच. वजन कमी व्हायचं असेल तर कपडे मोजके हवेत, आणि मोजक्या कपड्यांवर भागवायचं तर प्रत्येक कपडा निवडताना विचारायला हवं की हा रात्री धुतला तर सकाळी अंगात घालता येईल का. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथे आहे. म्हणून घडीचे प्रकार तपासूच, पण त्याआधी वजनाचा आणि त्यानंतर दोरीवरचा हिशेब मांडायला हवा.

देशांतर्गत विमानात आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या इकॉनॉमीच्या प्रवाशाला ७ किलोची एक बॅग हातात नेऊ देतात. चेक-इन करायच्या बॅगेला साधारण १५ किलोची मुभा असते. सात किलो ऐकायला बरे वाटतात. पण चाकांची छोटी ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलो भरते. लॅपटॉप आणि चार्जर दोन किलोच्या घरात जातात (त्यांची वेगळी पिशवी काही ठिकाणी चालवून घेतात, काही ठिकाणी नाही). औषधं, चष्मा, दाढीचं किंवा केसांचं सामान, पाण्याची बाटली मिळून आणखी किलोभर. कपड्यांच्या वाट्याला उरतो जेमतेम किलो-सव्वा किलो. म्हणजे एक जीन्स आणि दोन शर्ट. ट्रॉलीऐवजी किलोभर वजनाची सॅक घेतली की हाच वाटा एकदम दुप्पट होतो. त्यामुळे पहिली काटकसर कपड्यांत न करता बॅगेतच करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेल्वेचं गणित वेगळं आहे. फर्स्ट एसीला ७० किलो, टू-टियरला ५०, थ्री-टियर आणि स्लीपरला ४०, सेकंड क्लासला ३५ किलो सामान विनामूल्य नेता येतं. एवढं कुणी उचलतही नाही. तिथे खरी अडचण असते ती पुलाच्या पायऱ्यांची, बर्थखालच्या जागेची, आणि दोन मिनिटं थांबणाऱ्या गाडीत चढण्या-उतरण्याची. चाकांनी आपली एक सवय बिघडवली आहे. बर्नार्ड सॅडो या अमेरिकन माणसाने १९७० साली सुटकेसला चाकं लावली, १९७२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे १९८७ मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने उभी राहणारी, लांब दांड्याची दोनचाकी बॅग तयार केली आणि विमानतळांचं रूपच पालटलं. गुळगुळीत फरशीवर वीस किलो जाणवत नाहीत. ते जाणवतात दादरच्या जिन्यावर, एसटीच्या उंच पायरीवर आणि लिफ्ट नसलेल्या लॉजच्या तिसऱ्या मजल्यावर. सामान भरून झालं की बॅग उचलून घरातला जिना दोनदा चढावा-उतरावा. त्यानंतर काय काढून ठेवायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

आता घड्या. कापड स्वतःचं जेवढं आकारमान घेतं तेवढं घेणारच. आपण काढू शकतो ती फक्त थरांमधली हवा. हे ध्यानात ठेवलं की प्रत्येक पद्धतीची मर्यादा आपोआप कळते. गुंडाळी चांगली वळली तर हवा बऱ्यापैकी निघते आणि मधोमध दुमडीची कडक रेघ पडत नाही. अमेरिकी सैन्यातून आलेला एक प्रकार शिकून घेण्यासारखा आहे. टी-शर्ट सपाट पसरायचा, त्याची खालची चार बोटं पट्टी बाहेरच्या बाजूने उलटी दुमडायची, दोन्ही बाजू बाह्यांसकट आत घ्यायच्या, गळ्याकडून खाली घट्ट वळत यायचं आणि शेवटी ती उलटी पट्टी मोज्यासारखी त्या वळकटीवर चढवायची. ही गुंडाळी फेकली तरी सुटत नाही. बनियन, टी-शर्ट, लेगिंग, पायजमा अशा होजिअरीच्या आणि सैल विणीच्या कपड्यांना हा प्रकार उत्तम. सॅकच्या गोलसर कोपऱ्यांत या वळकट्या चपखल बसतात. चौकोनी सुटकेसमध्ये मात्र दोन वळकट्यांच्या मध्ये पोकळी राहते आणि तिथे सपाट घडीच जास्त भरते. कॉलरचा शर्ट आणि खळ घातलेला कुर्ता गुंडाळूच नये.

चुणी पडते कशी हे समजलं तर निम्मी इस्त्री वाचते. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. त्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध दुबळे असतात. ओलावा आणि दाब मिळाला की ते सुटतात, आणि कापड ज्या स्थितीत दुमडलेलं असेल त्याच स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणून किंचित दमट शर्ट बॅगेत गेला की त्याच्या चुण्या सर्वात हट्टी. इस्त्रीवरून उतरलेला गरम शर्टसुद्धा लगेच भरू नये; त्यात ऊब आणि वाफ दोन्ही असतात, दहा-पंधरा मिनिटं हँगरवर राहू द्यावा. उपायही याच गुणातून निघतो. पोचल्यावर शर्ट टांगायचा, ओल्या हाताने चुण्यांवर पाणी शिंपडायचं, तळव्याने खाली ओढत सरळ करायचं आणि पंख्याखाली सोडून द्यायचं. वाळताना बंध नव्या, सरळ स्थितीत जुळतात. तांब्यात निखारे घालून इस्त्री करणारी आणि घडी गादीखाली ठेवून झोपणारी आपली मागची पिढी उष्णता, ओलावा आणि दाब याच तीन गोष्टींवर काम करत होती.

चुण्या टाळायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे लपेटणं. आधी सर्वात मोठा आणि सर्वात जपायचा कपडा, समजा जाकीट किंवा शेरवानी, पलंगावर उघडा पसरायचा. त्यावर उलट-सुलट दिशांनी कुर्ते आणि शर्ट, त्यावर आडवी पँट. मधोमध अंतर्वस्त्रं आणि मोजे भरलेली एक मऊ, चौकोनी पिशवी ठेवायची. मग सगळ्यात वरच्या कपड्यापासून सुरुवात करून एकेकाच्या बाह्या, पाय, घेर त्या पिशवीभोवती ओढून लपेटत जायचं. कुठेही धारदार दुमड नाही, सगळीकडे गोल वळण. तयार होतं ते चक्क एक गाठोडं. पद्धतीत दोष एकच, पण मोठा आहे. आतला एक शर्ट हवा असेल तर सगळं उलगडावं लागतं. म्हणून एकाच ठिकाणी जाऊन राहायचं असेल, लग्नाला किंवा परिषदेला, तर हीच पद्धत. रोज मुक्काम बदलणार असाल तर अजिबात नको.

चेनच्या पिशव्या, ज्यांना सगळे पॅकिंग क्यूब म्हणतात, सामान हलकं करत नाहीत. उलट प्रत्येकीचं पन्नास-शंभर ग्रॅम वजन वाढतंच. त्या सामान सापडण्यासाठी असतात. चार माणसांचं कुटुंब दोन बॅगांत निघालं असेल आणि प्रत्येकाच्या पिशवीचा रंग वेगळा असेल, तर पहाटे पाच वाजता हॉटेलच्या खोलीत केवढी शांतता राहते! पण त्यासाठी पैसे घालवायलाच हवेत असं नाही. उशीचे जुने अभ्रे आणि साडीची चेनवाली कव्हरं तेच काम करतात.

हवा काढायच्या पिशव्यांबद्दल मी जरा सावध आहे. जाकीट आणि रजईसारख्या फुगीर गोष्टींना त्या ठीक. सुती कपड्यांवर त्या इतका दाब देतात की चुण्या पक्क्या बसतात. जागा वाचल्यामुळे माणूस आणखी चार कपडे भरतो आणि वजन वाढतं. पंपाने हवा काढायची पिशवी असेल तर परतीच्या वाटेवर पंप कुठून आणायचा हा प्रश्न असतोच. हाताने वळून हवा बाहेर ढकलायची साधी पिशवी तेवढी ठेवण्यासारखी आहे, आणि तिचा खरा उपयोग मळक्या कपड्यांना.

घड्यांचा विषय इथे संपतो. इथून पुढे कापड.

हवेत सर्वसाधारण आर्द्रता असताना निरनिराळे धागे स्वतःत किती पाणी मुरवून ठेवतात याची मापं वस्त्रशास्त्रात ठरलेली आहेत. कोरड्या वजनाच्या तुलनेत पॉलिएस्टर ०.४ टक्के, नायलॉन साधारण ४, कापूस ८ च्या आसपास, रेशीम ११, लोकर १६ च्या आसपास. पॉलिएस्टरचा शर्ट दोन-तीन तासांत का वाळतो हे यावरून कळतं. धागा पाणी पीतच नाही, ते नुसतं विणीच्या फटींत अडकलेलं असतं. मात्र न पिण्याचा हाच गुण उन्हाळ्यात त्रास देतो. घाम शोषला जात नाही, त्वचेवरचं तेल धाग्याला चिकटून राहतं आणि वास येतो. लोकर पुष्कळ ओलावा मुरवते तरी अंगाला ओली लागत नाही आणि वासही कमी धरते; म्हणून बारीक धाग्याच्या मेरिनो लोकरीचे टी-शर्ट जगभरचे सडे प्रवासी चार-चार दिवस घालतात. आपल्याकडे अशा एका टी-शर्टला काही हजार रुपये पडतात. ज्यांना परवडतो त्यांनी एक जरूर घ्यावा, पण बाकीच्यांनी हळहळायचं कारण नाही. सुताची आणि पॉलिएस्टरची मिसळ आपल्या घरांत टेरिकॉट या नावाने कधीचीच आलेली आहे. व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली ब्रिटनमध्ये टेरिलिन शोधलं, आणि पुढे त्याच्या मिसळीचे शर्ट आपल्याकडे शिक्षकांपासून कंडक्टरांपर्यंत सगळ्यांनी वापरले, ते चुणी कमी पडते आणि लवकर वाळतं म्हणूनच. प्रवासाला ते आजही उत्तम कापड आहे.

आणि निव्वळ सुती? पातळ मलमल, हातमागाचं सुटं विणलेलं कापड पंख्याखाली रात्रीत वाळतं. जाड होजिअरीचा टी-शर्ट वाळत नाही. जीन्स तर नाहीच. तिच्या कापडाची जाडी, दुहेरी शिवणी, खिशांची अस्तरं आणि चार पदरी कंबरपट्टा मिळून ती सहाशे ते आठशे ग्रॅम भरते आणि दमट हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही कमरेशी ओली लागते. प्रवासात जीन्स न्यायचीच असेल तर एकच, आणि ती अंगावर.

शिवण आणि पदर हा मुद्दा फार कमी ठिकाणी मांडलेला दिसतो, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. न शिवलेलं वस्त्र धुऊन वाळवायला जगात सर्वात सोपं. धोतर, लुंगी, उपरणं, साडी, सगळीकडे एकच पदर, कुठे खिसा नाही की काठाखेरीज दुहेरी भाग नाही. साडेपाच मीटरची पातळ सुती साडी वाऱ्यात पसरली की बघता बघता वाळते. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या वारीत हे रोज दिसतं. मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असतं, अंगाखांद्यावर मोजकंच. नदी किंवा टँकर दिसला की लुगडं पिळून दोघी दोन टोकं धरून उभ्या राहतात, बोलता बोलता लुगडं सुकतं. नर्मदा परिक्रमेला निघालेली माणसंही अशीच. तीन हजार किलोमीटरच्या आसपास पायी चालायचं तर कपड्यांचे दोन जोड पाठीवर पुष्कळ होतात. एक अंगावर, एक दोरीवर. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकानंतर कितीतरी मराठी घरांतली माणसं या वाटेला लागली. अमेरिकेत एमा गेटवूड ही ६७ वर्षांची आजी १९५५ साली ॲपलाचियन ट्रेल हा सव्वातीन हजारांवर किलोमीटरचा मार्ग एकटीने चालून गेली, ती स्वतः शिवलेली एक डेनिमची झोळी खांद्यावर टाकून आणि पायात साधे कापडी बूट घालून. कमी सामानाची विद्या महागड्या वस्तूंची नाही, हे या सगळ्यांकडे पाहून पटतं.

धुण्याची रीत थोडक्यात. मुक्कामी पोचल्या पोचल्या, जेवायच्या आधी धुवावं. झोपायच्या वेळी धुतलं तर तीन तास वाया गेले. साबणाची वडी न्यावी, बाटली नको. पिळून झाल्यावर आपला पंचा कोरडा पसरावा, ओला शर्ट त्यावर सपाट ठेवावा, दोन्हींची मिळून घट्ट वळकटी करावी आणि ती गुडघ्याखाली दाबून पुन्हा पिळावी. शर्टातलं पाणी पंचा ओढून घेतो आणि वाळण्याचा वेळ निम्म्यावर येतो. पंचा शंभर-दीडशे ग्रॅमचा, अर्ध्या तासात सुकणारा. अर्धा किलोचा टर्किश टॉवेल हे काम करू शकत नाही, कारण तो स्वतःच सकाळपर्यंत ओला असतो. पंचा गळ्याभोवती घेतला तर उन्हाला आडोसा, अंथरला तर बसकर, आणि देवळात अंगावर घ्यायलाही चालतो. मग शर्ट हँगरवर, बटणं उघडी, खिसे उलटे, पंख्याच्या थेट झोतात. खोलीला एसी असेल तर फारच छान. एसी हवेतली वाफ काढून घेतो, त्यामुळे कपडे बाल्कनीपेक्षा आत लवकर वाळतात.

हा सगळा हिशेब एका ठिकाणी मात्र कोसळतो, आणि ते ठिकाण आपल्या दाराशीच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा गोव्यात सुती कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही. हवेतच इतकं पाणी असतं की कापडातलं पाणी जाणार कुठे? पावसाळ्यात सह्याद्रीत ट्रेकला जाणारी मंडळी म्हणूनच सुती कपडे टाळतात आणि झोपायचा कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवतात. तो काहीही झालं तरी चालताना काढायचा नाही. याउलट वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या लेहमध्ये हवा इतकी कोरडी की उन्हात टांगलेला शर्ट पाहता पाहता सुकतो. तिथे प्रश्न थंडीचा. थंडीला दोन जाडजूड स्वेटर नेण्यापेक्षा पातळ थर न्यावेत. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचं हलकं जाकीट आणि सर्वात वर वारा अडवणारं कवच. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली हवा. पिसांचं जाकीट दाबून दोन मुठींएवढं होतं, पण भिजलं की निकामी. आणि घरी आल्यावर ते दाबलेलं ठेवू नये, पिसं मरतात. प्रवासाच्या दिवशी सगळ्यात जड बूट आणि जाकीट अंगावरच असावं.

किती कपडे? सध्या ५-४-३-२-१ असा एक नियम फिरतो: पाच जोड अंतर्वस्त्रं आणि मोजे, चार वरचे कपडे, तीन खालचे, दोन पादत्राणं, एक टोपी. नवख्याला हाताशी धरायला बरा आहे. पण हवामान कसलं आणि धुणं वाळणार का, हे तो विचारतच नाही. मी म्हणेन की वरचे तीन आणि खालचे दोन हा आपल्याकडच्या बहुतेक प्रवासांना पुरेसा आकडा आहे, आणि तीनही वरचे कपडे दोन्ही खालच्यांवर शोभले पाहिजेत. दिवस चार असोत की चौदा, आकडा बदलत नाही.

अंतर्वस्त्रांत मात्र काटकसर नको. विशेषतः बायकांच्या. लॉजच्या दोरीवर, धर्मशाळेच्या गच्चीवर ती उघडी वाळत घालायचा संकोच असतो, मग ती टॉवेलखाली झाकून, अर्धी ओली राहून, तशीच घातली जातात आणि त्याचा त्रास शरीराला होतो. हलक्या सामानाचे सल्ले बहुतांशी एकट्या पुरुष प्रवाशाने दिलेले असतात. त्यात ही गोष्ट येत नाही. दोन जोड जास्त न्या. ते दीडशे ग्रॅमसुद्धा भरत नाहीत.

साड्यांचाही विचार त्या सल्ल्यांत नसतो. खरं तर जागा साडी खात नाही, तिच्या बरोबरीचं सामान खातं. प्रत्येक साडीला वेगळा ब्लाउज आणि वेगळा परकर घेतला की तीन साड्यांचं ओझं पाच साड्यांएवढं होतं. सुती परकरच दोनशे ग्रॅमच्या पुढे जातो. एक काळा आणि एक फिक्या रंगाचा परकर, एक कलमकारीचा ब्लाउज, एवढ्यावर तीन साड्या आरामात निघतात. जरीची साडी, पैठणी असो की बनारसी, दाबाच्या पिशवीत कधीही घालू नये. जरीचा धागा कडक दुमडीवर तुटतो. ती मलमलच्या तुकड्यात सैल गुंडाळून सर्वात वर ठेवावी, आणि पोचल्यावर लगेच उलगडून निराळ्या जागी घडी घालावी.

परदेशी लेकी-सुनांकडे जाणाऱ्या आई-वडिलांना हे सगळं न शिकवता येतं. अमेरिकेला जाताना अनेक कंपन्या २३ किलोच्या दोन बॅगा देतात, आणि त्या भाजणी, मेतकूट, लोणचं, पापड, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू यांनीच भरतात. स्वतःचे कपडे बरण्यांच्या भोवती, धक्का लागू नये म्हणून. त्या बॅगेत कपडा एकाच वेळी कपडाही असतो आणि आवेष्टनही. यापेक्षा कार्यक्षम भरणं मला तरी माहीत नाही.

लहान मुलांबरोबर, आजारी माणसाबरोबर प्रवास असेल तर यातले बरेच नियम खुशाल मोडावेत. बाळाचे कपडे दिवसाला चार लागतात आणि ते धुवायला हात मोकळे नसतात. त्या प्रवासात हलकी बॅग हवी असेल तर ती बरोबरच्या मोठ्या माणसांची व्हावी.

एक मागणी मात्र करावीशी वाटते. कपड्याच्या लेबलवर माप असतं, धाग्याचं नाव असतं, धुण्याच्या खुणा असतात, वजन नसतं. ट्रेकिंगचं सामान बनवणारे तंबूचं आणि जाकिटाचं वजन ग्रॅममध्ये छापतात, मग साध्या कुर्त्याचं आणि पँटचं का छापू नये? एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या दोन शर्टांत शंभर ग्रॅमचा फरक सहज निघतो, आणि दुकानात हातात धरून तो कळत नाही. तोवर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आहेच. कपाटातले प्रवासाला नेण्याजोगे कपडे एकदा त्यावर ठेवावेत, एकदा धुऊन रात्रभर पंख्याखाली टांगावेत, आणि जे सकाळी कोरडे मिळतील त्यांचा एक वेगळा कप्पा करावा.